उपनगरी गाडीचा डबा : माणूस आत धरायचा की बाहेर सोडायचा?

रुळावरचा

मागच्या धाग्यावर दारांवरून जी जुंपली होती ती शेवटी संपादकांना आवरावी लागली, म्हणून हा वेगळा धागा. एक गट म्हणत होता, प्रवाशाला दार आतून उघडता आलंच पाहिजे. दुसरा म्हणत होता, अजिबात नाही. आणि दोघांच्याही बाजूने साक्ष द्यायला एकेक भीषण अपघात उभा आहे. दोन्ही जपानमधले, अकरा वर्षांच्या अंतराने झालेले.

पहिला २४ एप्रिल १९५१चा, योकोहामातल्या साकुरागिचो स्थानकाजवळचा. वरच्या विजेच्या तारेचं काम चालू होतं. तार लोंबली, छतावरून तारेतली वीज घेणारा पेंटोग्राफ तिच्यात अडकला आणि पहिल्या डब्याच्या छताने पेट घेतला. डबा युद्धकाळातल्या घाईच्या बनावटीचा. खिडक्यांना तीन पट्ट्या, त्यातली मधली पक्की बसवलेली. वरची किंवा खालची सरकवून जी फट मिळे तिच्यातून मोठं माणूस निघणं मुश्किल. दारं हवेच्या दाबावर चालणारी, ती बंदच राहिली. दार हाताने मोकळं करायचा कॉक डब्यात होता, पण तो कुठे आहे हे सांगणारी पाटी नव्हती. १०६ माणसं गेली. त्यानंतर कॉकजवळ ठळक पाट्या आल्या, खिडक्या बदलल्या, एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट झाली.

दुसरा ३ मे १९६२चा, टोकियोतल्या मिकावाशिमाचा. एक मालगाडी सिग्नल ओलांडून घसरली. तिला घासून एक उपनगरी गाडी घसरली आणि शेजारच्या रुळांच्या बाजूला आली. इथवर बहुतेक प्रवासी धडधाकट होते. कॉक आता सगळ्यांना ठाऊक झाला होता. लोकांनी तो फिरवला, दारं उघडली आणि रुळांवर उतरून चालायला लागले. समोरून येणाऱ्या गाडीला कुणी थांबवलेलंच नव्हतं. काही मिनिटांत ती आली. एकूण बळी १६०.

माझं म्हणणं एवढंच आहे की डब्याकडून आपण दोन उलट कामांची अपेक्षा करतो. धडकेच्या क्षणी त्याने माणसाला आत धरून ठेवायचं आणि धडक संपली की भराभर बाहेर सोडायचं. दार, खिडकी, काच, खुर्ची, साखळी, कशाकडेही बघा, ही ओढाताण दिसते. 'मजबूत डबा' या दोन शब्दांत ती मावत नाही. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी आपापल्या भागाबद्दल लिहा. कुठल्या शहराची गाडी चांगली यावर भांडायचं असेल तर तो जुना धागा अजून उघडा आहे.

---

निशाचर_नी

वाचतेय. मिकावाशिमाबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. एक बाळबोध प्रश्न विचारून ठेवते : मोटारीत बेल्ट सक्तीचा, विमानात सक्तीचा, मग रेल्वेतच का नाही?

---

काचबिंदू

काच हा माझा धंदा. रेल्वेची नाही, इमारतींची, पण रेल्वेच्या खिडकीबद्दल बरंच वाचलंय, कारण आमच्या धंद्यातली सगळ्यात विचित्र मागणी तिथे आहे.

अमेरिकेतला नियम घ्या. डब्याच्या तोंडाकडच्या काचेवर सुमारे ११ किलोचा सिमेंटचा ठोकळा ताशी ४८ किलोमीटर वेगाने आदळवतात. शिवाय .२२ बोअरच्या बंदुकीची गोळी झाडतात. काच भेदली जाता कामा नये. बाजूच्या खिडकीलाही तोच ठोकळा आणि तीच गोळी, फक्त ठोकळ्याचा वेग बराच कमी. बाहेरून येणाऱ्या दगडांपासून बचाव हा त्यामागचा हेतू.

आता विचार करा, जी खिडकी गोळीला दाद देत नाही ती हातोडीला काय देणार? तिथे बऱ्याचदा पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिक असतं, त्यावर हातोडी मारली तर उडून परत येते. म्हणून त्यांनी काच फोडायचा नाद सोडला आणि अख्खी काच काढायची सोय केली. काचेच्या कडेने रबराची पट्टी असते आणि तिच्या एका टोकाला लाल कडी. कडी धरून खेचली की पट्टी कोपऱ्यापासून सुटत सुटत चारही बाजूंनी निघून येते. मग काचेवरच्या मुठीला धरून काच आत ओढायची. हो, आत. घाबरलेला माणूस हमखास बाहेर ढकलत बसतो, म्हणून तिथे चित्रं लावलेली असतात.

आता रुळावरचा यांचा मुद्दा. १ डिसेंबर २०१३ला न्यूयॉर्कमध्ये स्पायटन डायव्हिलच्या वळणावर मेट्रो-नॉर्थची उपनगरी गाडी घसरली. मर्यादा ताशी ४८ किलोमीटर, गाडीचा वेग १३२. डबे कलंडले. चार माणसं गेली आणि चौकशीत नोंद आहे की चौघंही खिडक्यांच्या काचा निघाल्यामुळे बाहेर फेकले गेले. सुटकेसाठी सहज निघावी अशी बसवलेली काच डबा घासत जाताना टिकली नाही. खिडकीने बाहेर सोडण्याचं काम केलं, पण चुकीच्या क्षणी.

ब्रिटनमध्ये याच्या उलट बाजूने प्रवास झाला. ६ नोव्हेंबर २००४ला अफ्टन नर्व्हेटला फाटकावर उभ्या मोटारीला गाडी धडकली, सात बळी, त्यातले काही प्रवासी फुटलेल्या खिडक्यांतून बाहेर पडलेले. तिथे टफन्ड काच होती, जी एकदा गेली की तिचे दाणे होतात आणि चौकट मोकळी. मग जोर लॅमिनेटेड काचेवर आला. तिला तडे जातात पण मधला पडदा तिला धरून ठेवतो. २००७मध्ये ग्रेरिगला ताशी दीडशेच्या आसपास वेगाने गाडी घसरली, बांधावरून खाली गेली आणि मृत्यू एकच. त्या गाडीला लॅमिनेटेड खिडक्या होत्या. सगळं श्रेय काचेचं नाही, डब्याचा सांगाडाही भक्कम होता.

---

खटपट्या

काचबिंदू, आयडी आणि प्रतिसाद दोन्ही जबरी.

---

जुनं_ते_सोनं

एक विरोधी सूर. लॅमिनेटेड काच लावून माणसं आत धरली, उत्तम. आग लागली तर? १९९९ला लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हला ३१ गेले, तिथे धडकेनंतर डिझेल पेटलं होतं. त्या धुरात कोण लाल कडी शोधणार?

---

रुळावरचा

@जुनं_ते_सोनं, प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र खिडकीत नाही. आग लागली तर आडवं नाही, उभं पळायचं, म्हणजे शेजारच्या डब्यात. त्यासाठी डब्यांमधली वाट रुंद आणि उघडी हवी आणि डब्याचं अस्तर, सीट, जमीन यांनी सहज पेटता कामा नये. दक्षिण कोरियात देगूला १८ फेब्रुवारी २००३ला काय झालं ते आठवा. ती मेट्रो होती, पण धडा तोच. एका माणसाने पेट्रोलजन्य द्रव पेटवला. डब्यातल्या सीटांनी आणि जमिनीच्या आवरणाने इतका धूर केला की १९२ लोक गेले. त्यातले बरेचसे समोरून येऊन शेजारी थांबलेल्या दुसऱ्या गाडीतले. त्या गाडीच्या चालकाने जाताना मुख्य किल्ली काढून नेली आणि दारं मिटलेली राहिली.

आज युरोपात ईएन ४५५४५ आणि अमेरिकेत एनएफपीए १३० हे जे नियम आहेत त्यात सामान किती पेटतं याच्या बरोबरीने धूर किती दाट आणि किती विषारी हेही मोजतात. बोगद्यातून फार वेळ धावणाऱ्या गाडीला अधिक कडक पातळी लागते, कारण तिथे माणूस दारातून उतरूनही मोकळ्या हवेत पोचत नाही.

---

प्लॅटफॉर्म_नं_०

सिल्व्हर स्प्रिंग राहिलं की. १६ फेब्रुवारी १९९६, मेरीलँड. पुढे चालककक्षाचा डबा आणि मागून इंजिन ढकलतंय अशी उपनगरी गाडी, समोर लांब पल्ल्याची गाडी. इंजिनाची डिझेल टाकी फुटली आणि पेटतं इंधन थेट पहिल्या डब्यात. ११ बळी, आठ प्रवासी आणि तीन कर्मचारी. दार आतून मोकळं करायचं साधन होतं, पण प्रवाशांच्या हाताशी नव्हतं, दिसत नव्हतं. साकुरागिचोनंतर ४५ वर्षांनी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, तीच गोष्ट!

अमेरिकेतले डब्याचे आजचे बहुतेक नियम या अपघातानंतरचे. १९९८ला आणीबाणीच्या तयारीचे नियम आले, १९९९ला डब्याच्या बांधणीचे. प्रत्येक मजल्यावर सुटकेच्या किमान चार खिडक्या, नव्या डब्यात मोकळी जागा किमान ६६ बाय ६१ सेंटिमीटर. दिवे गेले तरी नव्या डब्यात आणीबाणीचा उजेड ९० मिनिटं टिकला पाहिजे. नंतर जमिनीलगत चमकणाऱ्या पट्ट्याही सक्तीच्या झाल्या. धूर वर असतो, माणूस रांगत असतो, त्यामुळे दारावर डोक्याच्या उंचीला लावलेली पाटी त्याला दिसणारच नाही.

---

दारवाला

आयडीवरून कळलं असेल. दारांच्या देखभालीत आयुष्य गेलं, आता निवृत्त. कुठे ते सांगत नाही.

लोकांना वाटतं दार म्हणजे दोन पाखं आणि एक मोटर. खरं दार वरच्या पेटीत असतं. आतला आटेदार दांडा फिरला की दोन्ही पाखं एकदम जवळ येतात. शेवटी एक खटका असा बसतो की वीज आणि हवा दोन्ही गेली तरी पाखं आपण होऊन उघडत नाहीत. तो खटका नीट बसला की नाही हे एक छोटा स्विच बघतो. गाडीतल्या सगळ्या दारांचे असे स्विच एका माळेत जोडलेले. एकही उघडा राहिला तर माळ तुटते आणि मोटरमनने हँडल कितीही पुढे नेलं तरी मोटरला करंट जात नाही. मुद्दाम असं केलंय की तार तुटली, जोड सैल झाला, काहीही बिघडलं तरी निष्कर्ष 'दार उघडं आहे' असाच निघावा.

आता व्यवहार बघा. गर्दीच्या गाडीत माणसं दाराला टेकतात, पाखं बाहेरच्या बाजूला किंचित फुगतात, वरचा खटका मिलिमीटरभर सरकतो आणि दोन स्थानकांच्या मध्ये गाडीचा करंट जातो. मग स्विच जरा 'ढिला' लावायचा मोह होतो. इथेच खरी परीक्षा. ढिला लावला तर बॅगेचा पट्टा किंवा कोटाचं टोक दारात अडकलेलं असताना माळ पूर्ण दिसते आणि गाडी सुटते. कडक लावला तर रोज गाड्या उशिरा, वरून शिव्या. आम्ही ठरावीक जाडीची पट्टी दारात धरून बघायचो : ती असताना माळ तुटलीच पाहिजे, काढली की जुळलीच पाहिजे. जगभर हीच चाचणी थोड्याफार फरकाने करतात. रबराच्या कडेत हवेची नळी किंवा स्पर्श ओळखणारी पट्टी असते ती वेगळी, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. पातळ पट्टा तिला कळतच नाही.

माळ तात्पुरती टाळायचा एक स्विच मोटरमनकडे असतो, सील केलेला. बिघडलेली गाडी कशीबशी पुढच्या स्थानकात न्यायला. तो वापरला की नोंद करावी लागते आणि करावीच लागावी. सील तुटलेलं असूनही वहीत नोंद नाही अशी गाडी आली की आमचे मुकादम चहासुद्धा घ्यायचे नाहीत, आधी गाडी तपासायचे.

आतल्या आणीबाणीच्या मुठीबद्दल : नव्या गाड्यांत ती ओढली तर लगेच दार उघडत नाही. आधी मोटरमनला कळतं. गाडी धावत असेल तर खटका सुटत नाही, वेग शून्याजवळ आला की सुटतो. मिकावाशिमा आणि साकुरागिचो यांच्यात तडजोड म्हणा.

---

निशाचर_नी

दारवाला काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना. आणि माझा बेल्टचा प्रश्न राहिलाच!

---

गतिज_ऊर्जा

घ्या बेल्ट.

रेल्वेच्या धडकेत डबा मोटारीसारखा झटक्यात थांबत नाही. वस्तुमान प्रचंड, त्यामुळे वेग हळू उतरतो. माणूस मात्र आपल्या मूळ वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या सीटच्या पाठीवर आदळतो. जितक्या लवकर आदळेल तितका दोघांच्या वेगातला फरक कमी, म्हणून एकामागे एक जवळजवळ मांडलेल्या सीटा बऱ्यापैकी सुरक्षित. ती पाठ थोडी वाकली पाहिजे, पण जमिनीपासून उखडता कामा नये. अमेरिकेत सीट आणि तिची पकड गुरुत्वाकर्षणाच्या आठपट झटक्याला टिकावी लागते.

बेल्ट लावला की तो भार सीटलाच पेलावा लागतो, म्हणजे सीट जास्त ताठ करावी लागते. मागच्याने बेल्ट लावला नसेल तर तो त्या ताठ सीटवर आपटतो. उभ्या प्रवाशांचं काय, हा प्रश्न वेगळाच. शिवाय डब्याची भिंत आत येत असेल तर बांधलेला माणूस जागचा हलू शकत नाही. ब्रिटिश रेल्वेच्या सुरक्षा संशोधनात हे सगळं तपासून निष्कर्ष निघाला की बेल्टमुळे एकूण नुकसानच जास्त होईल.

बेल्टपेक्षा काळजीचं आहे टेबल. समोरासमोर सीटा आणि मध्ये टेबल, दिसायला किती छान! २३ एप्रिल २००२ला कॅलिफोर्नियात प्लासेंशियाला मालगाडी उपनगरी गाडीवर आली. गाड्यांचा वेग फार नव्हता, पण टेबलाची कड पोटात बसून माणसं दगावली. त्यानंतर वेगळी टेबलं तयार झाली : कड जाड आणि दबणारी, आतला गाभा चुरगळून जोर शोषणारा. भिंतीपासून मात्र सुटता कामा नये, कारण टेबल सुटलं तर माणूस पुढे समोरच्यावर जाणार. पुन्हा तेच, धरायचंही आणि दबायचंही.

---

जुनं_ते_सोनं

सीट-टेबलं ठीक. मूळ प्रश्न लोखंडाचा आहे. जुने डबे जाड होते, धडकले तर समोरचं मोडायचं. आताचे पातळ ॲल्युमिनियमचे डबे बघून भीती वाटते.

---

वेल्डर

@जुनं_ते_सोनं, जाडी कुठे होती ते विचारा. ब्रिटनचे जुने मार्क १ डबे घ्या. सगळी ताकद अंडरफ्रेममध्ये, म्हणजे तळाच्या चौकटीत, आणि वरचं शरीर त्यावर ठेवलेलं. धडकेत एक अंडरफ्रेम दुसऱ्यावर चढली की वरचं शरीर ती सुरीसारखी कापत जाते. समोरचं मोडायचं हे खरं, पण त्या 'समोरच्या'तही प्रवासीच बसलेले असतात हो. १२ डिसेंबर १९८८ला क्लॅपहॅम जंक्शनला ३५ गेले, ते डबे याच जातीचे. १९९९च्या नियमांनी त्यांना मुदत घातली आणि २००५च्या सुमारास मुख्य मार्गांवरून ते गेले.

म्हणून डब्याच्या टोकाला तीन गोष्टी बघायच्या. एक, अँटीक्लाइंबर, म्हणजे आडवे दाते, जे समोरच्या डब्याच्या दात्यांत रुततात आणि चढू देत नाहीत. दोन, दाराच्या दोन्ही बाजूंचे टकरीचे उभे खांब. तीन, कोपऱ्याचे खांब. कोपऱ्याकडे फार काळ कुणी लक्ष दिलं नाही. १८ जानेवारी १९९३ला इंडियानातल्या गॅरीला दोन उपनगरी गाड्या समोरासमोर आल्या. पुलावर दोन्ही मार्गांचे रूळ एकमेकांत गुंतवून अरुंद केलेले, त्यामुळे धडक नाकावर नाही तर कोपऱ्यावर बसली आणि दोन्ही गाड्यांची एकेक बाजू उसवत गेली. सात बळी. १९९९च्या अमेरिकन नियमांत कोपऱ्याच्या खांबाला जे महत्त्व आलं त्यामागे असे अपघात आहेत.

आता तुमचं लोखंड. अमेरिकेचा जुना नियम : डब्याच्या टोकांवर आठ लाख पाउंड, म्हणजे सुमारे ३,५६० किलोन्यूटन दाब दिला तरी कायमचा वाक येता कामा नये. युरोपात उपनगरी जोडगाड्यांना १,५०० किलोन्यूटन पुरतात. तरी युरोपचे डबे काही चिप्सच्या पुड्यासारखे चुरगळत नाहीत, कारण तिथे दुसरा हिशेब आहे : सारख्याच दोन गाड्या ताशी ३६ किलोमीटरने धडकल्या तर ती ऊर्जा कुठे जिरवायची ते आधी ठरवा आणि प्रवाशांची जागा शाबूत ठेवा.

यावर अमेरिकेने स्वतःच कोलोरॅडोत प्वेब्लोच्या चाचणीमार्गावर खऱ्या गाड्या धडकवून बघितल्या. वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास, समोर उभी इंजिनाची गाडी. २००२ला जुन्या पद्धतीची गाडी : पुढचा डबा इंजिनावर चढला आणि त्याची सुमारे पावणेसात मीटर लांबी चुरडली. त्या पावणेसात मीटरमध्ये सीटा होत्या. २००६ला टोकांना चुरगळणारे भाग बसवलेली गाडी : पुढचा डबा मीटरभर दबला, उरलेला मार मागच्या डब्यांच्या टोकांनी वाटून घेतला आणि माणसांची जागा सगळीकडे वाचली. त्यात डबे जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट ठरावीक जोराला तुटतात, कपलिंग मागे सरकतं, तेव्हा कुठे दाते दात्यांना भिडतात आणि दात्यांमागच्या जोर शोषणाऱ्या नळ्या चुरगळायला लागतात. हा क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात.

लॉस एंजेलिसच्या मेट्रोलिंकने २००५च्या ग्लेंडेलच्या अपघातानंतर असे डबे मागवले. २०१८ला अमेरिकेच्या नियमातच ही ऊर्जा जिरवायची दुसरी वाट अधिकृत झाली. कॅलट्रेनच्या दुमजली विजेच्या गाड्या २०२४ला धावू लागल्या त्या युरोपीय घडणीच्याच.

---

जुनं_ते_सोनं

प्वेब्लोचे आकडे बघता तुमचं पारडं जड आहे. तरी सरसकट हलकं करत सुटू नये एवढं म्हणतो. जपानमधलं अमागासाकी, २००५. ७०च्या वळणावर ११६ने गाडी गेली, इमारतीवर आदळली, १०७ बळी. स्टेनलेसचे हलके डबे कसे चिमटले गेले ते फोटो पाहिलेत ना?

---

वेल्डर

पाहिलेत. टोकाची ताकद कितीही असली तरी कुशीवर असा मार बसल्यावर कुठलाही डबा अवघड आहे. तिथे डब्यापेक्षा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा महत्त्वाची होती. तळाचंही तसंच. २०१५ला न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅलहालाला फाटकावरच्या मोटारीला गाडी धडकली आणि बाजूचा वीजवाहक तिसरा रूळ तुकड्या-तुकड्यांनी पहिल्या डब्यात घुसला. हे कुणाच्या नियमावलीत नव्हतं.

---

बोगदा

साखळीबद्दल कुणी लिहिलं नाही. ओढली की गाडी थांबते एवढंच आपल्याला माहीत असतं. ६ नोव्हेंबर १९७२ला जपानच्या होकुरिकू बोगद्यात एका रात्रीच्या एक्सप्रेसच्या भोजनडब्याला आग लागली. आग दिसली की थांबा, हा तेव्हाचा नियम. कर्मचाऱ्यांनी नियम पाळला. बोगदा जवळजवळ १४ किलोमीटरचा. ३० बळी. त्यानंतर नियम उलटला : बोगद्यात थांबू नका, बाहेर काढा.

म्हणून नव्या उपनगरी गाड्यांत प्रवाशाने मूठ ओढली तर मोटरमनसमोर दिवा आणि आवाज येतो, प्रवाशाशी बोलता येतं आणि ब्रेक लागणं तो काही काळ रोखू शकतो. गाडी फलाटावरून नुकती सुटत असेल तर मात्र रोखता येत नाही, थेट ब्रेक. कारण त्या क्षणी सगळ्यात संभाव्य कारण म्हणजे दारात कुणीतरी अडकलंय.

---

खटपट्या

दुमजली डब्यांचं काय? वरच्या मजल्यावरून पळायचं कसं?

---

प्लॅटफॉर्म_नं_०

पळण्याआधी चढण्या-उतरण्याचं बोला. दुमजली डब्यात सीटा भरपूर, दारं कमी, त्यामुळे फलाटावर वेळ खातो. पॅरिसच्या आरईआर ए मार्गावर त्यावर उपाय म्हणून प्रत्येक बाजूला तीन रुंद दारं दिली. सिडनीने १९६४पासून दुमजली डबे चालवले, दारं दोनच. शिकागोची जुनी तऱ्हा सगळ्यात मजेशीर : १९५०पासूनचे गॅलरी डबे, वरचा मजला दोन्ही बाजूंना सज्जासारखा आणि मधोमध मोकळं. टीसी खालच्या वाटेतून चालत वरच्यांची तिकिटं तपासतो!

सुटकेचं म्हणाल तर वरच्या मजल्यालाही वेगळ्या चार खिडक्या लागतात. पण वरच्या खिडकीतून उडी म्हणजे पाय मोडून घेणं. खरी वाट जिन्याने मधल्या पातळीवर आणि तिथून शेजारच्या डब्यात.

---

पांढरी_काठी

मला दिसत नाही, धागा स्क्रीनरीडरवर ऐकतोय. एक तपशील कुणाच्या लक्षात आला नसेल. काठीने फलाटाची कड चाचपत गाडीजवळ गेलं की काठीला पोकळी लागते आणि वाटतं हेच दार. ते दार नसतं, दोन डब्यांमधली फट असते. पाय टाकला की थेट रुळावर. म्हणून बऱ्याच देशांत डब्यांच्या टोकांना रबराचे किंवा साखळ्यांचे अडसर लावतात, काही ठिकाणी ते सक्तीचे आहेत. दारातून सतत हलका टिकटिक आवाज येणं हाही तसाच उपाय. दार बंद होतानाचा मोठा भोंगा माझ्या कामाचा नाही, मला दार उघडं असताना ते कुठे आहे हे कळायला हवं. डिझाइन करणारे पहिल्या आवाजावर फार खर्च करतात आणि दुसरा विसरतात.

---

दारवाला

@पांढरी_काठी, अगदी खरं. तो टिकटिक आवाज बंद करा म्हणून रहिवाशांच्या तक्रारी यायच्या आणि तो कमी करून ठेवायची तोंडी सूचनाही व्हायची. काठी घेतलेल्यांच्या तक्रारी आमच्यापर्यंत पोचतच नसत.

---

निशाचर_नी

शेवटचा प्रश्न, नक्की शेवटचा. डबा आडवा पडला तर? एका कुशीची दारं जमिनीखाली, दुसऱ्या कुशीची डोक्यावर.

---

वेल्डर

तेव्हा छत हीच भिंत होते. अमेरिकेत नव्या डब्यांच्या छताला दोन जागा ठेवाव्या लागतात, एकतर झाकण किंवा मुद्दाम कमजोर ठेवलेला चौकोन, जिथे आत तुळया नाहीत, वायरी नाहीत, एसीच्या नळ्या नाहीत. बाहेरून प्रकाश परतवणाऱ्या पट्टीने तो आखलेला असतो आणि कुठे कापायचं ते लिहिलेलं असतं. अग्निशमन दलाने करवत तिथेच चालवायची. आतून तो उघडायला प्रवाशाला काहीच करता येत नाही, ते काम बाहेरच्यांचं. डब्याला नवा रंग देताना ती आखणी पुन्हा त्याच जागी काढली का, हे तपासणीच्या यादीत हवं.

---

दारवाला

आणि नवीन एसी बसवताना त्या चौकोनाखालून नळी नेली नाही ना, तेही.